डिशला धूळ नडत नाही

दसऱ्याआधी घरात साफसफाई निघते. माळे रिकामे होतात, गोधड्या धुऊन गच्चीवरच्या दोरीवर पडतात आणि त्या वाळत घालता घालता कुणाची तरी नजर टीव्हीच्या डिशकडे जाते. चार महिन्यांच्या पावसाने तिच्यावर मातीचे ओघळ आलेले असतात, खालच्या कडेला शेवाळ धरलेले असते, कावळ्यांनी आपली हजेरी लावलेली असते. मग बादली येते, फडके येते, कधी कधी भांड्यांची तारेची घासणीही येते. घासून, धुऊन डिश लख्ख होते आणि संध्याकाळी टीव्ही लावावा तर पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी!

यात नवल काही नाही. डिश मळल्यामुळे सहसा बिघडत नाही. तिला नडते ते पाणी, गंज आणि जागचे हलणे. या तिन्ही गोष्टींना हातभार लावणारा माणूस पुष्कळदा फडके घेऊन गच्चीवर चढलेला असतो. म्हणून डिशच्या देखभालीत पुसण्याचे काम सगळ्यात शेवटी येते. आधी नीट पाहायचे असते, आणि काय पाहायचे हे कळण्यासाठी डिश नेमके काय करते ते माहीत हवे.

घरोघरी दिसणाऱ्या डीडी फ्री डिशचे उदाहरण घेऊ. तिचे चॅनेल जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर, 93.5 अंश पूर्व रेखांशाशी आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच वेगाने तोही फिरतो, त्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळलेला भासतो. पुण्यातून पाहिले तर ही जागा आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 59 अंश वर येते. तिथून निघालेला संदेश घराच्या गच्चीवर पोचेपर्यंत कमालीचा क्षीण होतो. डिशचे काम एवढेच, की आपल्या साठेक सेंटिमीटरच्या पसाऱ्यावर पडलेल्या लहरी परतवून एका बिंदूशी गोळा करायच्या. त्या बिंदूशी, दांड्याच्या टोकाला, जो छोटा डबा असतो तो म्हणजे एलएनबी. तो लहरी टिपतो, वाढवतो, त्यांची वारंवारता उतरवतो आणि केबलमधून घरातल्या सेट-टॉप बॉक्सकडे पाठवतो.

आता धुळीकडे वळू. धातूच्या पत्र्यावर लहर आपटून परतते तेव्हा येणारी आणि जाणारी लहर पत्र्याच्या अगदी लगत एकमेकींना जवळजवळ शून्य करतात. त्यामुळे पत्र्याला चिकटलेल्या पातळ थराला, मग तो रंगाचा असो, धुळीचा असो की पाण्याचा, लहरीतली शक्ती शोषायला फारसा वावच मिळत नाही. कोरडी धूळ तर या लहरींना तशीही पारदर्शकच. म्हणून वर्षभर न पुसलेली डिशसुद्धा चित्र व्यवस्थित देते.

एलएनबीच्या तोंडावर हिशेब उलटा होतो. डिशने गोळा केलेले सगळे काही जेमतेम पाच सेंटिमीटर व्यासाच्या त्या प्लास्टिकच्या झाकणातून आत शिरते. रुपयाच्या नाण्याएवढा चिखलाचा ओला ठिपका डिशवर पडला तर तो तिच्या क्षेत्रफळाचा हजारातला एखाद-दीड भाग झाकतो. तोच ठिपका एलएनबीच्या तोंडावर पडला तर पाचवा भाग झाकला जातो. शिवाय इथे मागे परतवणारा पत्रा नाही, त्यामुळे ठिपक्यातले पाणी लहर मनसोक्त शोषते. अडीच सेंटिमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या या लहरींची निम्म्याहून अधिक शक्ती मिलिमीटरभर पाण्यात जिरते. पृष्ठभागावरून मागे परततो तो हिस्सा वेगळाच.

तेव्हा पाहणीची सुरुवात एलएनबीच्या तोंडापासून करावी. झाकणाला केसाएवढी चीर आहे का? उन्हाने प्लास्टिक पिवळे पडून ठिसूळ झाले आहे का? चिरेतून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही. सकाळी ऊन चढले की त्याची वाफ होते, रात्री ती झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखी साचते. सकाळी उठल्यावर चॅनेल येत नाहीत आणि दहा वाजता आपोआप सुरू होतात, असे रोज होत असेल तर संशयित हाच. कुंभारीण माशीला एलएनबीचा आडोसा फार आवडतो. तिचे मातीचे घरटे तोंडावरच असेल तर ते पावसात ओले होताच चित्र जाते आणि ऊन पडले की परत येते. घरटे काढताना सुरीने खरवडू नये. ओले फडके त्यावर दहा मिनिटे धरले की माती सुटते, मग मऊ कापडाने टिपून घ्यायचे. त्याआधी आसपास गांधीलमाश्यांचे मोहोळ नाही ना, हे लांबूनच पाहून घ्यावे.

एलएनबीच्या मागून केबल निघते. डिशच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या वीतभर जागेत सापडते. केबलच्या टोकाला पितळी किंवा निकेल चढवलेला कनेक्टर असतो. त्याच्या आट्यांतून, नाहीतर केबलच्या फाटलेल्या सालीतून पाणी आत शिरते आणि आतल्या तारांच्या विणलेल्या जाळीत वातीसारखे ओढले जाते. काही वेळा ते दोन-तीन मीटर खालपर्यंत उतरते. कनेक्टर उघडून पाहिला की निदान लगेच होते. मधली तार चकचकीत तांब्याच्या रंगाची असेल तर सारे ठीक. ती काळवंडली असेल, तिच्यावर हिरवट बुरशीसारखा थर असेल किंवा जाळी पांढरट भुकटी होऊन गळत असेल, तर ते टोक वाचवत बसू नये. चांगली तार दिसेपर्यंत केबल मागे कापत जावी आणि नवा कनेक्टर लावावा.

या केबलमधून फक्त चित्र खाली येत नाही, वीजही वर जाते. एलएनबीला लागणारा वीजपुरवठा सेट-टॉप बॉक्स याच तारेतून करतो, तोही दोन पातळ्यांवर: साधारण 13 व्होल्ट आणि 18 व्होल्ट. उपग्रह काही चॅनेल उभ्या कंपनाच्या लहरींवर पाठवतो, काही आडव्या. बॉक्सने 13 व्होल्ट दिले की एलएनबी एक जात निवडतो, 18 दिले की दुसरी. गंजलेल्या जोडात व्होल्टेज पडले की एलएनबीला 18 चे 18 मिळत नाहीत आणि एका जातीचे सगळे चॅनेल गायब होतात, बाकीचे मात्र ठणठणीत चालतात. ‘निम्मेच चॅनेल येतात’ ही तक्रार ऐकली की जाणता मेकॅनिक डिशला हात लावण्याआधी कनेक्टर उघडतो तो यासाठीच. आपणही उघडणार असू तर आधी सेट-टॉप बॉक्सचा प्लग भिंतीतून काढावा. चालू बॉक्सच्या केबलची मधली तार कनेक्टरच्या कडेला टेकली तर बॉक्सचा वीजपुरवठा खराब होऊ शकतो.

नवा जोड केल्यावर त्यावर साधी इन्शुलेशन टेप गुंडाळून थांबू नये. तिचा डिंक मेच्या उन्हात वितळतो, टेप सैल पडते आणि मग ती पाणी अडवण्याऐवजी साठवून ठेवते. ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती वापरावी आणि खालून वर गुंडाळत जावी, म्हणजे कौलांसारखे थर एकमेकांवर येतात आणि ओघळ बाहेरूनच निघून जातो. केबल घरात शिरते तिथे आधी तिला खाली झोल देऊन मग वर भोकात न्यावी. केबलवरून येणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते आणि भिंतीत जात नाही. हा झोल नसला की घरात ओल येते आणि दोष बिचाऱ्या गवंड्याच्या माथी जातो.

आता जागचे हलणे. साठ सेंटिमीटरची डिश या लहरींवर सुमारे तीन अंश रुंदीचाच झोत पाहू शकते. उपग्रह त्या झोताच्या मधोमध असला पाहिजे. दीड अंश इकडेतिकडे झाले की मिळणारी शक्ती निम्म्यावर येते. दीड अंश म्हणजे डिशची वरची कड खालच्या कडेच्या मानाने दीड सेंटिमीटर सरकणे. कडेला हात टेकवून उभे राहिले, माकड लोंबकळले, एलएनबीच्या दांड्याला धरून कुणी तोल सावरला, तर एवढे सहज होते. घासणीने जोर लावून पुसतानाही हेच होते. सफाईनंतर चित्र जाण्याचे हे मुख्य कारण.

त्यामुळे पुसण्याआधी मार्कर पेनाने दोन रेघा माराव्यात: एक डिशचे ब्रॅकेट आणि खांब यांच्या सांध्यावर, दुसरी वर-खाली कोन ठरवणाऱ्या पट्टीवर. काही हलले तर रेघ तुटलेली दिसेल आणि डिश परत जागेवर आणता येईल. मग दोन बोटांनी कड अलगद ढकलून पाहावी. डिश जराही डुगडुगत असेल तर कुठला नट सैल आहे हे शोधून तेवढाच पान्याने आवळावा. सगळे नट सैल करून ‘पुन्हा नीट बसवतो’ म्हणणाऱ्याला गच्चीवरून खाली आणावे. खांब उभा आहे की नाही, हे ओळंब्याने किंवा पाणसळीने पाहता येते. खांब कलला असेल तर डिशवरचे अंशांचे आकडे खोटे बोलतात. भिंतीतल्या अँकर बोल्टभोवती तडे गेले असतील, तर पावसाळी वाऱ्यात अख्खी डिश उखडू शकते. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने बोल्ट लवकर खाल्ले जातात. जस्तावरचा पांढरट थर सहसा चालतो, पण तांबडा गंज पोपडे धरू लागला की बोल्ट बदलावा.

डिश कुठे पाहते याबद्दलही एक गैरसमज असतो. घरगुती डिशमध्ये एलएनबी मधोमध नसतो, खालून पुढे आलेला असतो. या बांधणीमुळे डिशची बशी वाटते त्याहून वीस-पंचवीस अंश वरच्या लहरी टिपते. पुण्यात फ्री डिशची बशी क्षितिजापासून 35 अंशांच्या आसपास कललेली दिसेल, पण तिचे लक्ष 59 अंशांवर असते. म्हणून ती शेजारच्या आंब्याकडे रोखलेली वाटली तरी आंबा आडवा येतोच असे नाही. तो डिशपासून दहा मीटरवर असेल, तर डिशच्या पातळीपासून सोळा-सतरा मीटर उंच वाढल्याशिवाय वाट अडवत नाही. लगतच्या गोष्टी मात्र अडवतात: नवी पाण्याची टाकी, वाढवलेला कठडा, सोलरचे पॅनेल, नारळाची ओली झावळी. कपडे वाळत घालायची दोरी डिशसमोरून जात असेल तर सुकी साडी फारसा त्रास देत नाही, पण पाणी निथळणारी गोधडी चित्र घालवते.

डिशचा आकारही तपासण्यासारखा असतो. आकारात किती चूक खपते हे तरंगलांबीवर ठरते. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस डिशपैकी प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, पण पृष्ठभाग पत्र्याचा नाही, बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या जाळीचा. ती ज्या लहरी टिपते त्या वीस सेंटिमीटर ते मीटर-दोन मीटर लांबीच्या. एवढ्या लांब लहरीला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोके दिसतच नाहीत. 1975-76 मध्ये उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन पोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, तेव्हा गावागावांत लावलेल्या तीन मीटरच्या डिशही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. तिथे लहर सुमारे 35 सेंटिमीटरची होती, त्यामुळे काम भागले. आपल्या गच्चीवरच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या. अमेरिकी अभियंता जॉन रुझ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने हिशेब केला, तर पृष्ठभाग सरासरी दीड मिलिमीटरने ओबडधोबड झाला की चाळीस टक्क्यांहून अधिक शक्ती वाया जाते. नारळ पडून आलेला एखादा पोचा खपून जातो, पण अख्खी बशी पिळवटली असेल तर खपत नाही.

पिळवटलेली बशी डोळ्यांना दिसत नाही, दोऱ्याला दिसते. डिशच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत दोरा ताणून टेपने चिकटवावा, मग त्याला काटकोनात दुसरा. कड सपाट असेल तर दोन्ही दोरे मधोमध एकमेकांना जेमतेम टेकतात. त्यांच्यात फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबून वाकवले तर कड पिळली आहे. टेकणारे दोरे वरखाली बदलून पुन्हा पाहिले की खात्री होते.

एवढे झाल्यावर खुशाल पुसा. साधे पाणी, थोडा साबण आणि मऊ कापड पुरते. वरून खाली हात फिरवावा, दुसऱ्या हाताने डिशला मागून आधार द्यावा. पक्ष्यांची विष्ठा ओल्या फडक्याने भिजवून उचलावी. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने डिश धुऊ नये, कारण तो फवारा एलएनबीच्या सांध्यात आणि कनेक्टरच्या आट्यांत शिरतो. फरशीचे अ‍ॅसिड जवळ आणूच नये.

डिशला पॉलिश करू नये आणि चकाकणारा रंगही देऊ नये. तिचा करडा, निस्तेज रंग मुद्दाम दिलेला असतो. सूर्य उपग्रहाच्या मागे येतो तेव्हा डिश लहरींबरोबर उन्हालाही एलएनबीवर एकवटू पाहते. खरबरीत, मंद रंग प्रकाश चहूकडे विखरतो आणि लहरी मात्र त्या पातळ थरातून पत्र्यापर्यंत जाऊन परततात. डिशला आरशासारखे चमकवणे म्हणजे एलएनबीचे प्लास्टिक भाजायची सोय करणे.

सूर्य असा उपग्रहाच्या मागे येण्याचे दिवस ठरलेले असतात. महाराष्ट्रात ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आसपास येतात. जीसॅट-15 साठी ही वेळ सकाळी अकराच्या सुमारास असते. सूर्याच्या स्वतःच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो आणि काही मिनिटे चित्र विस्कटते. दुसरा कधीमधीचा अडथळा म्हणजे धो धो पाऊस. तासाला 50 मिलिमीटरच्या वेगाने पडणारा पाऊस या लहरींतून दर किलोमीटरला दोन-अडीच डेसिबल खातो, आणि तीन डेसिबल गेले की शक्ती निम्मी होते. केबलवाल्यांच्या मोठ्या डिश सी-बँडच्या साडेसात सेंटिमीटर लहरींवर चालतात, त्यांना पाऊस फारसा बाधत नाही. या दोन्ही वेळी गच्चीवर जाण्याची गरज नसते. पाऊस, विजा, शेवाळलेली गच्ची, ओला पत्रा आणि डोक्यावरून गेलेली विजेची तार यांपैकी काहीही असेल तर जाऊच नये.

पूर्वीच्या अँटेनावर संदेश कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि त्या वाढत गेल्या की माणूस सावध व्हायचा. डिजिटलमध्ये तशी सूचना मिळत नाही. बॉक्स चुका दुरुस्त करत करत शेवटपर्यंत स्वच्छ चित्र दाखवतो आणि मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोन होऊन ते गोठते. डिश सहा महिने हळूहळू कमकुवत होत असेल, तरी आपल्याला ते पहिल्या वळवाच्या दिवशीच कळते. ही उणीव भरून काढायला बॉक्सच्या मेनूत ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ आणि ‘सिग्नल क्वालिटी’ असे दोन आकडे असतात. निरभ्र दिवशी ते दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा पावसाळा सरल्यावर. दोन्ही आकडे एकदम कोसळले असतील तर केबल, कनेक्टर किंवा एलएनबी पाहावा. स्ट्रेंग्थ ठीक आणि फक्त क्वालिटी घसरली असेल तर सहसा डिश हललेली असते, काहीतरी आड आलेले असते किंवा एलएनबीच्या तोंडावर काही बसलेले असते. दोन्ही आकडे पूर्वीइतकेच असतील तर डिशला हात लावू नये, मग ती कितीही मळकी दिसो.

खर्च करायचा झाला तर त्यालाही क्रम आहे. आधी काही रुपयांचा कनेक्टर बदलावा, मग खराब झालेली केबल, मग एलएनबी. मीटर घेऊन दिशा जुळवायला माणूस बोलवायचा तो त्यानंतर. नवी डिश घ्यायची वेळ गंजून पत्र्याला भोके पडली किंवा बशी पिळवटली तरच येते. ‘डिशच बदला’ हा सल्ला पहिल्या भेटीत देणाऱ्याला आधी कनेक्टर उघडून दाखवायला सांगावे.